आधी गावात, मग गावाबाहेर : संगीत शिकू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की शिक्षकाच्या दारी पालकांची ये-जा सुरू होते. शास्त्र घ्यावे की वाणिज्य, बेळगावला ठेवावे की कोल्हापूरला, असे त्यांचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे आता आम्हां शिक्षकांना पाठ झाली आहेत. परंतु अधूनमधून एक निराळा प्रश्नही कानी येतो. ‘‘सर, पोरीचा गळा चांगला आहे. सगळे म्हणतात, हिला गाणे शिकवा. तर आताच पुण्या-मुंबईला पाठवावी, की इथेच शिकू द्यावी?’’ विचारणारा कधी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला असतो, कधी विडी वळणारी आई असते, कधी बेळगावातील एखादा कारकून. ह्या प्रश्नामागे पैशाची काळजी असते, वयात आलेली मुलगी परगावी एकटी राहील ही धास्ती असते, आणि इथेच शिकली तर मागे पडेल की काय ही शंकाही असते. ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर मांडावे असे योजिले आहे.

मुलास गाणे शिकवावे की न शिकवावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा विचार आहे. त्यात मी पडत नाही. ज्यांनी शिकवावयाचे ठरविले आहे त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत.

उत्तर थोडक्यात असे. पहिली पाच-सात वर्षे घराजवळ शिकणे ही गरिबाची तडजोड नव्हे. तो संगीतशिक्षणाचा जुना व चांगला मार्ग होय. मात्र घराजवळ काय शिकून घ्यावयाचे, बाहेर केव्हा पडावयाचे, आणि जाताना बरोबर काय न्यावयाचे, ह्या तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. त्या ठाऊक नसल्या की मूल प्रशस्तिपत्रे गोळा करीत एकाच जागी बसून राहते, अथवा अर्ध्या तयारीने शहरात जाऊन हिरमुसले होऊन परत येते.

आपल्या मुलखाचा दाखला

ह्या बाबतीत पुरावा शोधावयास लांब जावयास नको. मिरज, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी हा जो पट्टा आहे, त्याने गेल्या दीडशे वर्षांत हिंदुस्थानी संगीतास जेवढी माणसे दिली तेवढी फार थोड्या प्रदेशांनी दिली असतील. ह्या माणसांची चरित्रे एकापुढे एक ठेवून वाचली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांपैकी बहुतेकांचा पहिला गुरू घराजवळचा होता आणि मोठा गुरू मागाहून भेटला.

कुंदगोळचे रामभाऊ, जे पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले (१८८६–१९५२), ते प्रथम बळवंतराव कोल्हटकर ह्यांच्याकडे शिकले. ध्रुपदे, तराणे, बंदिशी अशी भरपूर सामग्री त्यांच्या पदरी पडली. कोल्हटकरांच्या मृत्यूनंतर काही काळाने ते किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्याकडे गेले. खाँसाहेबांनी आठ वर्षे शिकावे लागेल अशी अट घातली, असे सांगतात. ज्या मुलाची पाटी आधीच भरलेली होती, त्यालाही पुन्हा आठ वर्षे! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) ह्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या होत्या. १९२४ साली बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई होत्या. हुबळीस कृष्णाचार्य हुळगूर ह्यांनी त्यांना पहिले हिंदुस्थानी शिक्षण दिले. सवाई गंधर्वांची खरी तालीम त्यांना पुढे मिळाली, तीही हुबळीहून रेल्वेने कुंदगोळास जाऊन-येऊन. घर सुटले नाही, संसार सुटला नाही, आणि विद्याही सुटली नाही. मुलीला परगावी ठेवण्याची ज्यांना भीती वाटते त्यांनी हे उदाहरण मनाशी धरावे.

भीमसेन जोशी ह्यांची कथा उलटी, म्हणूनच बोधप्रद आहे. गदगचा हा मुलगा १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून गेला. ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात राहिला, उत्तरेत भटकला, जालंधरपर्यंत पोहोचला. तेथे मिरजेचेच विनायकराव पटवर्धन भेटले. त्यांनी सांगितले की, तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व असताना इतक्या दूर कशाला आलास? मुलगा परतला आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळास गुरूपाशी राहिला. दूर आहे ते मोठे आणि जवळ आहे ते हलके, हा समज किती फसवा असतो ते ह्यावरून दिसेल. पुढे भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यास जो महोत्सव सुरू केला तो आजही भरतो.

बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व (१९२४–१९९२), हे तर बालपणीच थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करून सभा गाजवीत असत. एवढा अलौकिक मुलगा, त्याला शिकावयाचे काय राहिले, असे कोणासही वाटले असते. परंतु वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांना मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत ठेवण्यात आले, आणि जे गळ्यात होते ते समजून गाण्याचे शिक्षण तेथे सुरू झाले. देवधर मूळचे मिरजेचे आणि पलुसकरांचे शिष्य. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केलेला होता.

पाटी बदलते, हात बदलत नाही

आता आठ वर्षांच्या अटीकडे येऊ. एका ठिकाणी शिकून दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर आधीचे किती उपयोगी पडते आणि किती मोडून नव्याने बांधावे लागते, हा ह्या साऱ्या विषयाचा गाभा होय.

मल्लिकार्जुन मन्सूर ह्यांचे उदाहरण घ्या. धारवाडजवळचे मन्सूर हे त्यांचे गाव. लहानपणी ते अप्पय्या स्वामींकडे कर्नाटक पद्धतीचे संगीत शिकले. मग मिरजेचे नीलकंठबुवा अलूरमठ ह्यांच्याकडे ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकले. त्यानंतर जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रमुख अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) ह्यांचे पुत्र मंजी खाँ ह्यांची तालीम त्यांना मिळाली, आणि मंजी खाँ अकाली निवर्तल्यावर धाकटे बंधू बुर्जी खाँ ह्यांची. अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गवई. तेव्हा हे घराणेही आपल्या शेजारचेच म्हणावयाचे.

तीन ठिकाणे, तीन रीती. ह्यांत बदलले काय? राग मांडण्याची पद्धत बदलली, ताना घेण्याची रीत बदलली, श्वास कोठे मोडावा हे बदलले. न बदलता बरोबर राहिले ते काय? सुराची ओळख, लयीची पक्की बैठक, पाठांतराची सवय आणि रोज पहाटे उठून मेहनत करण्याची शिस्त. पहिल्या गुरूने द्यावयाच्या त्या ह्याच चार गोष्टी. सुतारकामात जसा हात एकदा बसला की कारखाना बदलला तरी हात तोच राहतो, तसेच हे आहे. नवा उस्ताद नवे नक्षीकाम शिकवील. परंतु रंधा धरावयास शिकविणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणून घराजवळच्या वर्षांत मुलाने किती राग केले, हे पालकांनी मोजू नये. मोजावे ते हे : तंबोऱ्यावर षड्ज लावला तर तो ठरतो काय? हाताने टाळी-खाली देत सोळा मात्रांचा त्रिताल, बारांचा एकताल, दहांचा झपताल म्हणता येतो काय? तबलजीने ठेका धरला की मूल समेवर न चुकता येते काय? कोणी जवळ नसताना तासभर बसून रियाज करते काय? ह्या चार प्रश्नांस होकार मिळाला तर पाया झाला असे समजावे.

परीक्षांची शिडी

गुरूच्या घरी राहून शिकण्याचे दिवस आता बहुतांशी संपले. त्यांची जागा वर्गांनी व परीक्षांनी घेतली आहे. ह्या बदलाचा जनकही आपल्याच शेजारचा. विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास झाला. बालपणी फटाक्याने दृष्टीस इजा झाली, उपचारासाठी ते मिरजेस आले, आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोणीही यावे, फी भरून वर्गात बसावे, ठरलेला अभ्यासक्रम शिकावा, परीक्षा द्यावी, ही त्या काळी नवीच कल्पना होती. १९३१ साली पलुसकर मिरजेस वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. ह्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात, आणि त्यांचा कारभार मिरजेहून चालतो.

ह्या परीक्षांची शिडी अशी आहे : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. त्यापुढे अलंकार. दर वर्षी एक पायरी चढली तर विशारद पूर्ण व्हावयास सात वर्षे लागतात. पाचवीत, दहाव्या वर्षी, आरंभ केलेले मूल दहावीच्या सुमारास मध्यमा पूर्णपर्यंत येते व बारावीच्या सुमारास विशारदाच्या उंबरठ्यावर असते. सुरुवातीस गाऊन-वाजवून दाखविण्यावर भर असतो. वर गेल्यावर लेखी उत्तरपत्रिका येते, तीत रागांची माहिती, तालांचे लेखन, गायकांची चरित्रे व स्वरलिपी विचारतात.

स्वरलिपीविषयी एक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे दोन पद्धती आहेत : एक पलुसकरांची, दुसरी पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांची. दोहोंच्या खुणा निराळ्या. घरच्या वर्गात एक शिकलेली असेल आणि महाविद्यालयात दुसरी चालत असेल तर पहिले काही महिने मूल गोंधळते. दोन्ही वाचता येतील एवढा सराव आधीच करून घेतलेला बरा. फार वेळ लागत नाही.

सीमेवरच्या पालकांसाठी

आपण दोन राज्यांच्या शिवेवर राहतो, त्यामुळे आपल्या मुलांपुढे एक नव्हे, दोन शिड्या असतात. मंडळाच्या परीक्षा आहेत, तशाच कर्नाटक राज्याच्या ज्युनिअर, सीनिअर व विद्वत अशा संगीत परीक्षाही आहेत. पुढचे शिक्षण धारवाडकडे घ्यावयाचे की कोल्हापूर-पुण्याकडे, ह्याचा थोडा अंदाज बांधून कोणत्या परीक्षा द्यावयाच्या ते ठरवावे. दोन्ही द्यावयास हरकत नाही. परंतु एकाच वर्षी दोन परीक्षांचे ओझे मुलावर टाकू नये.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांस वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. ती महाराष्ट्राच्या मंडळाची सोय. निपाणी वा बेळगावात कर्नाटकाची एस.एस.एल.सी. देणाऱ्या मुलास ती लागू नाही. कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या मुलास गुण मिळाले म्हणून आपल्याही मुलास मिळतील, अशा समजुतीत राहू नये.

पदवीच्या वर्षांतही असाच फरक पडला आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात चार वर्षांच्या पदवीची रचना आली. कर्नाटकाने ती आधी स्वीकारली, परंतु २०२४–२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. एका राज्यात एक-दोन वर्षे काढून दुसऱ्या राज्यात जावयाचे असेल तर कोणते विषय, किती श्रेयांक व कोणते वर्ष धरले जाईल, हे दोन्हीकडच्या कार्यालयांतून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर जाऊ नये. संगीत विशारदाचे प्रमाणपत्र पदवीच्या जोडीचे मानले जाईल काय, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे विचारावे. खाजगी मंडळाची परीक्षा आणि विद्यापीठाचे श्रेयांक ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात काही सवलती आहेत. आपले गाव त्या यादीत येते काय, ते प्रवेशाच्या वेळी पाहून घ्यावे.

जावयाचे कोठे? निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. बेळगावकरांस धारवाड जवळ. तेथील कर्नाटक विद्यापीठात संगीताचे उच्च शिक्षण मिळते व ह्या विभागाशी खुद्द मल्लिकार्जुन मन्सूर ह्यांचे नाव जोडलेले आहे. पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली स्थापिलेले गांधर्व महाविद्यालय आहे, आणि विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. म्हणजे पहिली उडी पुण्या-मुंबईचीच मारली पाहिजे असे नाही. आधी रोज वा आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन शिकता येईल असे ठिकाण पाहावे. मुक्कामाने राहण्याचा विचार त्यानंतर.

गोव्याची वाट आणि जाझ

हे सारे हिंदुस्थानी संगीतापुरतेच खरे आहे काय? तसे नाही. गिटार, कीबोर्ड, ट्रम्पेट वाजविणारी मुले आता आपल्याकडेही दिसतात. त्यांच्यासाठी शेजारच्या गोव्याचा दाखला फार मोलाचा आहे.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडून शाळा असत. तेथे गावचा संगीतशिक्षक, ज्यास लोक मेस्त्री म्हणत, मुलांना पाच रेषांवर लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवी. प्रार्थनेच्या वेळी गायन-वादन करण्यासाठी ते शिक्षण होते. परंतु त्यातून तयार झालेली मुले विसाव्या शतकात मुंबईस गेली, तेव्हा ताजमहाल हॉटेलासारख्या ठिकाणी अमेरिकेतून आलेले जाझ संगीत वाजत होते. जाझ म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. त्यात ठरलेल्या चालीवर व स्वरमेळावर वादक ऐन वेळी नवी रचना करीत जातो. आपल्या रागविस्ताराशी त्याचे काहीसे नाते लागते. चर्चच्या शाळेत हे शिकविलेले नव्हते. परंतु स्वरलेखन वाचता येत होते, वाद्यावर हात बसला होता, चारचौघांबरोबर वाजविण्याची सवय होती. बाकीचे ही मुले मुंबईस वाद्यवृंदात बसून शिकली.

हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ (१९१६–१९६७) हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले व पुढे संगीतकार सी. रामचंद्र ह्यांचे सहकारी झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतातील झणझणीत रंगात ह्या सहकार्याचा वाटा होता. सी. रामचंद्र स्वतः विनायकराव पटवर्धनांकडे शिकलेले! म्हणजे एकीकडे पलुसकरांच्या परंपरेतील वर्ग आणि दुसरीकडे गोव्यातील चर्चची शाळा, ह्या दोन गावठाणी वाटा मुंबईच्या स्टुडिओत एकमेकींस मिळाल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलगा १९४३ साली मुंबईस आला, नौशाद ह्यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागला, आणि पुढे प्यारेलाल ह्यांच्यासारख्यांचा गुरू झाला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील प्रसिद्ध गाण्यात जे नाव येते ते ह्यांच्याच आदराखातर.

ह्या मुलांना चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम का मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. आपले संगीतकार चाल गाऊन दाखवीत. ती चाल कागदावर उतरवून वीस-तीस वादकांस वाटून देणारे हात हवे होते. ते हात गोव्याने पुरविले. गावात स्वस्तात शिकलेली वाचन-लेखनाची विद्याच शहरात भाकरी देती झाली.

अमेरिकेतील रीत

अमेरिकेत ह्या वाटेला रीतसर नाव व रचना आहे. तेथे गावोगाव ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची दोन वर्षांची महाविद्यालये असतात. फी कमी, प्रवेश बहुधा सर्वांस खुला, आणि घरी राहून शिकण्याची सोय. दोन वर्षे तेथे काढावयाची व मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षास जावयाचे, ही तेथील असंख्य सामान्य कुटुंबांची रीत आहे. अशा सरकारी महाविद्यालयांपैकी पहिले समजले जाणारे जॉलिएट येथील महाविद्यालय १९०१ साली निघाले. त्याच साली पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नसणार. परंतु सामान्याच्या दारी विद्या नेण्याची बुद्धी दोन खंडांत एकाच वर्षी झाली, हा योगायोग मौजेचा खरा.

संगीत शिकणारेही ह्या वाटेने जातात. जाझमधील थोर सॅक्सोफोन व बासरीवादक एरिक डॉल्फी (१९२८–१९६४) हे लॉस एंजेलिस सिटी कॉलेज ह्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात शिकले होते. जाझची पहिली पदवी टेक्सास राज्यातील डेंटन येथील महाविद्यालयाने १९४७ साली सुरू केली. तेव्हापासून जाझ हाही पदवीचा विषय झाला.

परंतु तेथेही अडचण हीच आहे. इतर विषयांचे गुण मोठे विद्यापीठ पुष्कळदा मान्य करते; संगीताच्या बाबतीत मात्र ते स्वतः वाजवून घेते, संगीतशास्त्राची आपली चाचणी घेते, आणि मग कोणत्या वर्गात बसवावयाचे ते ठरविते. त्यामुळे इतर विषयांत तिसऱ्या वर्षास गेलेला विद्यार्थी संगीतात पहिल्या वा दुसऱ्या वर्षास बसलेला आढळतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची आठ वर्षांची अट आणि अमेरिकन विद्यापीठाची चाचणी ह्यांचा अर्थ एकच : प्रमाणपत्र दारापर्यंत नेते, आत बसावयाची जागा गळा आणि हात ठरवितात. म्हणून जावयाच्या ठिकाणी काय ऐकून घेतात व काय विचारतात, हे आदल्या वर्षीच जाणून त्याप्रमाणे तयारी करावी.

केव्हा जावे, कसे जावे

वयाचा विचार करताना मुलगे व मुली ह्यांत थोडा भेद करावा. मुलग्याचा आवाज तेरा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान फुटतो. त्या काळात वरच्या पट्टीत जोर लावून गाववू नये, परीक्षेची घाई करू नये. खालच्या पट्टीत हळू रियाज, तबल्याची वा हार्मोनियमची थोडी ओळख, आणि भरपूर ऐकणे एवढे पुरे. आवाज ठरण्याआधी मोठ्या ठिकाणी निवडीसाठी नेऊ नये. मुलींच्या बाबतीत आवाजाचा अडथळा एवढा नसतो. तेथे अडथळा बहुधा आपल्या मनाचा असतो. दहावी झाली, आता पुरे, असे म्हणून जी शिकवणी बंद होते ती मुलीचीच. निपाणीच्या एका विडी-कामगार बाईने मला विचारले होते, ‘‘सर, सहा वर्षे शिकवून आता घरी बसवू, तर सहा वर्षांचे काय झाले?’’ ह्या प्रश्नास मजजवळ हिशेबी उत्तर नव्हते. ती मुलगी आता आठवड्यातून दोन दिवस बसने कोल्हापुरास जाते, आणि संध्याकाळच्या आत परत येते.

वर्ग निवडतानाही पाहून निवडावा. ज्या वर्गात तंबोरा, निदान तंबोऱ्याचे यंत्र लागलेले असते, जेथे शिक्षक एकेका मुलाचे स्वतंत्र ऐकतो, जेथे परीक्षेच्या चार बंदिशींबाहेरही काही शिकविले जाते, तो वर्ग चांगला. केवळ निकालाची पाटी पाहून भुलू नये. आणि मुलास ऐकावयास न्यावे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांची कबर मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तेथे ऐकावयास तिकीट लागत नाही, जात-धर्म लागत नाही. शास्त्राच्या दहा पुस्तकांनी जे कळत नाही ते अशा एका रात्रीने कळते.

खर्चाचेही बोलू. केंद्र सरकारच्या सी.सी.आर.टी. ह्या संस्थेची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या कलावंत मुलांसाठी असते. सांस्कृतिक मंत्रालयाची दुसरी शिष्यवृत्ती अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांच्या पुढील तालमीसाठी असते. ह्या दोन वयोमर्यादा पाहिल्या म्हणजे सरकारनेही दोन टप्पेच धरलेले दिसतात : एक घराजवळचा, दुसरा बाहेरचा. ज्यांना पहिली शिष्यवृत्ती मिळालेली नसते त्यांची मधली चौदा ते अठरा ही वर्षे मात्र उघडी पडतात, आणि मुले सुटतात ती ह्याच वर्षांत. पलुसकरांस मिरजेच्या राजांनी आधार दिला नसता तर एक अधू दृष्टीचा मुलगा कुरुंदवाडात बसून राहिला असता. आता राजे नाहीत. परंतु आपल्या विश्वस्त संस्थांसारखी मंडळी आहेत. बसचा पास, एक मिरजेचा तंबोरा जो पाळीपाळीने चार मुलांना देता येईल, परीक्षेची फी, एवढ्यानेही ती चार वर्षे निभावतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मुलखात वाद्य घडते त्या मुलखातील मुलास ते हाती धरावयास मिळू नये, हे बरे नव्हे.

शेवटी एवढेच. बीं पेरावे ते घरच्या वाफ्यात, आणि रोप हाती धरण्याजोगे झाले की मोठ्या शेतात लावावे. वाफ्यातच ठेवले तर ते खुंटते. बीच थेट शेतात टाकले तर बहुधा पाखरे टिपतात. तंबाखूची लावण करणाऱ्या आपल्या मुलखास हे वेगळे सांगावयास नको. मुलाच्या गळ्याच्या बाबतीतही तोच हिशेब धरावा, आणि लावणीची वेळ चुकू देऊ नये.